नोंदी शाबूत, पण वाचायच्या कशा?

समजा, लोहा तालुक्यातील पावसाच्या अनेक वर्षांच्या नोंदी आपण एका मोठ्या संगणकात साठविल्या. तबकड्या शाबूत आहेत, एकही आकडा पुसला गेलेला नाही. तरीही एके दिवशी त्या नोंदी वाचता येईनाशा होतील काय? होय, होऊ शकतील! असे का, ते पाहू.

मोठ्या कामाला एक तबकडी पुरत नाही. म्हणून फाईलचे तुकडे करून ते अनेक यंत्रांवर ठेवतात. 12 तुकडे 4 यंत्रांवर वाटू. पहिल्यावर 1, 5, 9. दुसऱ्यावर 2, 6, 10. याच क्रमाने पुढे. चारही यंत्रे एकदम तुकडे पाठवू लागली, की वाचनाचा वेळ सुमारे एक चतुर्थांश होतो. चारमोटी विहीर एकमोटीपेक्षा लवकर उपसते, तसेच हे. कोणता तुकडा कोठे आहे, याची नोंदवही निराळे यंत्र सांभाळते. या रचनेला वितरित फाईल-व्यवस्था म्हणतात. 'लस्टर' ही अशीच एक. पुण्याच्या आयसर संस्थेत सी-डॅकने 2019 साली उभारलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकासाठी तीच निवडण्यात आली.

आता अडचण पाहा. संगणकाचा सारा कारभार कार्यप्रणाली चालविते. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती दर दोन-तीन महिन्यांनी निघते. लस्टरचा काही भाग या कर्नलमध्ये, नटात बोल्ट बसावा तसा बसतो. नटाचे आटे बदलले तर जुना बोल्ट बसेल काय?

एक खरे उदाहरण घेऊ. पूर्वी कर्नल फाईल-व्यवस्थेकडे एकेक 'पान' मागत असे. पान म्हणजे बहुतेक संगणकांत 4096 बाइट. 2022 च्या 5.19 आवृत्तीत ही पद्धत काढून पानांचा गठ्ठा मागण्याची पद्धत आली. कर्नलसोबत मिळणाऱ्या फाईल-व्यवस्था तेव्हाच दुरुस्त झाल्या. लस्टर मात्र कर्नलबाहेरची. तिची दुरुस्ती तिच्या सांभाळकर्त्यांवर आली.

मग जुनाच कर्नल का वापरू नये? कारण त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीतरी थांबतात. 'सेंटओएस 7' या कार्यप्रणालीच्या दुरुस्त्या 30 जून 2024 रोजी थांबल्या. शिवाय सगळे जण एकाच दिवशी आवृत्ती बदलत नाहीत. म्हणून जुने व नवे दोन्ही आटे सांभाळावे लागतात. त्यासाठी लस्टर बांधताना आधी छोट्या चाचणी-आज्ञावल्या चालवितात. जी चाचणी उतरेल, त्याप्रमाणे जुना किंवा नवा भाग निवडला जातो. प्रयोगशाळेत आपण पदार्थ ओळखतो, तशीच ही कसोटी!

लस्टरची मालकीही बदलत गेली. 2007 मध्ये ती सन कंपनीकडे आणि 2010 मध्ये ओरॅकलकडे गेली. ओरॅकलने पुढील विकासातून अंग काढून घेतले. तरी लस्टर बंद पडली नाही. कारण तिची मूळ आज्ञावली सर्वांना खुली होती. इतरांनी ते काम उचलले. मात्र खुलेपणाने दुरुस्तीची मुभा मिळते, दुरुस्ती आपोआप होत नाही. ती माणसांनाच करावी लागते.

करून पाहा : एका गोष्टीचे 12 तुकडे चार मित्रांत वाटा व नोंदवही एकाकडे द्या. मग वाचणाऱ्याला न सांगता नोंदवहीची लिहिण्याची पद्धत बदला. तुकडे सारे आहेत. गोष्ट जुळते का?