परदेशी गेलेले साक्षीदार
(उपदेशकांसाठी व मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी पाठ)

वाचावयाचे उतारे : अनुवाद १९:१५, नीतिसूत्रे १४:५ व २५.

पाठाचा हेतु : जो शांतीच्या कामावर नजर ठेवावयास व त्याची हकीकत जगास कळवावयास जातो, त्याने काय करावे, काय करू नये, आणि त्याच्या शब्दावर कोणाचा जीव अवलंबून असतो, हे समजून घेणे.

गावातील एखादा गरीब मनुष्य फिर्याद घेऊन एकटा ठाण्यावर जातो, तेव्हा पुष्कळदा तो दिवसभर ओट्यावर बसून संध्याकाळी तसाच परत येतो. परंतु त्याच्यासोबत शाळेचे गुरुजी गेले आणि काही न बोलता नुसते बाकावर बसले, तरी फौजदार कागद पुढे ओढतो. गुरुजींनी वाद घातला नाही की कोणास धमकी दिली नाही. ते तेथे होते, ते पाहत होते, आणि पाहिलेले ते चार ठिकाणी सांगतील हे फौजदारास ठाऊक होते, इतकेच. आजच्या पाठात ज्या लोकांविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यांनी हेच काम आपला देश सोडून परक्या देशात जाऊन केले.

१. सरहद्दीवरील गावात काय दिसले

उत्तर व दक्षिण अमेरिका ह्यांना जोडणारी जी अरुंद भूमी आहे, तीत निकाराग्वा नावाचा लहानसा देश आहे. तेथे १९७९ साली जुलमी सोमोसा घराण्याची सत्ता उलथून नवे सरकार आले. त्या सरकारच्या विरुद्ध ‘काँट्रा’ म्हटलेल्या सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांस पैसा व हत्यारे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सरकाराकडून मिळू लागली. ह्या टोळ्या शेजारच्या होंडुरास देशातून सरहद्द ओलांडून येत, आणि शेतकऱ्यांच्या सहकारी वाड्या, दवाखाने व शाळा ह्यांवर हल्ले करीत.

१९८३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना प्रांतातील सुमारे तीस ख्रिस्ती लोक हे सर्व स्वतः पाहावयास निकाराग्वात गेले. नुकताच मारा झालेल्या सरहद्दीवरील एका गावी ते पोहोचले, तेव्हा तेथे शांतता होती. आज गोळीबार का नाही, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले की, तुम्ही येथे आहा म्हणून. ज्यांच्या देशाच्या पैशावर टोळ्या चालत होत्या, त्याच देशाचे नागरिक समोर असता गोळी झाडणे टोळीवाल्यांस परवडणारे नव्हते.

हे उत्तर त्यांच्या मनास लागले. आपल्या करातून ह्या लोकांवर गोळी सुटते, आणि आपण येथे नुसते उभे राहिलो तर ती थांबते, हे कळल्यावर घरी स्वस्थ बसणे त्यांस शक्य झाले नाही. जुलै महिन्यात सुमारे दीडशे जण सरहद्दीजवळच्या हालापा गावी प्रार्थनेसाठी जमले, आणि वर्षअखेरीस तेथे कायम राहणारी पहिली तुकडी गेली. संस्थेचे नाव त्यांनी ‘विटनेस फॉर पीस’, म्हणजे शांतीसाठी साक्ष, असे ठेविले.

२. त्यांचे नित्याचे काम

काही स्वयंसेवक दीर्घकाळ राहत, तर इतर लहान गटांनी थोड्या दिवसांकरिता येत. ते खेडुतांच्या घरी राहत आणि त्यांच्याबरोबर कॉफीच्या मळ्यात तोडणीस जात. हल्ल्याची बातमी आली म्हणजे त्या ठिकाणी जाऊन, वाचलेल्या माणसांजवळ बसून, तारीख, ठिकाण, मृतांची व जखमींची नावे लिहून घेत. नंतर ही टिपणे अमेरिकेत पाठविली जात. परत गेलेला प्रत्येक जण आपल्या गावच्या वर्तमानपत्रात लिही, मंडळीपुढे बोले, आणि आपल्या भागातील कायदेमंडळाच्या सभासदास जाऊन भेटे. असे हजारो लोक गेले व आले.

१९८८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने काँट्रांस आणखी मदत देण्याची मागणी २१९ विरुद्ध २११ मतांनी नाकारली. ह्याचे सर्व श्रेय एका संस्थेस देणे योग्य होणार नाही. त्यास कारणे पुष्कळ होती. तथापि अवघ्या आठ मतांच्या फरकाकडे पाहता, आपल्या मतदारसंघातल्या देवळातून आलेल्या सुताराने व शिक्षिकेने जे सांगितले, ते काही सभासदांच्या मनात राहिले असेल, असे म्हणणे वावगे नाही.

३. ह्या कामाचे मूळ कोठे आहे

विनाशस्त्र जाऊन दंगलीच्या जागी उभे राहण्याची कल्पना आपणांस परकी नाही. गांधीजींनी शांतिसेनेची कल्पना मांडली होती. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे ह्यांनी १९५७ साली तशी सेना उभी केली. त्या सेनेतील एक प्रमुख कार्यकर्ते नारायण देसाई १९८१ साली कॅनडात ग्राइंडस्टोन नावाच्या बेटावर भरलेल्या सभेस हजर होते, आणि त्या सभेतून ‘पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल’ ही संस्था निघाली. तिचे नियम थोडे व स्पष्ट आहेत. तेथील लोकांनी बोलाविले तरच जावे. हत्यार धरू नये. पक्ष घेऊ नये. त्यांचे काम त्यांनीच करावे, पाहुण्याने ते आपल्या हाती घेऊ नये.

ग्वाटेमाला देशात ज्यांचे आप्त सरकारी शिपायांनी नाहीसे केले होते, अशा कुटुंबांनी १९८४ साली एक मंडळ स्थापिले. १९८५ साली त्या मंडळाचे दोन पुढारी एका आठवड्याच्या आत मारले गेले. तेव्हापासून ह्या संस्थेचे स्वयंसेवक उरलेल्या पुढाऱ्यांबरोबर रात्रंदिवस चालू लागले. मंडळ मोडले नाही.

४. पासपोर्टाची किंमत

आता एक कठीण गोष्ट सांगणे भाग आहे. १९८९ च्या नोव्हेंबरात एल साल्वाडोर देशात यादवी पेटली असता, पोलिसांनी ह्याच संस्थेच्या स्वयंसेवकांस पकडले. त्यांत एक कॅनडाची बाई होती व एक कोलंबियाची. दोघींच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांची चौकशी झाली. इकडे बातमी फुटताच निरनिराळ्या देशांतून सरकारी कचेऱ्यांस फोनांवर फोन जाऊ लागले. काही तासांनी कॅनडाच्या बाईस सोडण्याचा हुकूम झाला. ती दारापर्यंत आली. परंतु आपली सोबतीण आतच आहे हे पाहून परत फिरली, आणि तिला सोडल्याखेरीज मी जात नाही, असे म्हणून आत गेली. अखेर दोघींचीही सुटका झाली.

एकीस लवकर सोडावे आणि दुसरीस ठेवावे, असे पोलिसांस का वाटले? दोघींचा अपराध एकच होता, किंबहुना अपराध नव्हताच. भेद होता तो पासपोर्टाचा. श्रीमंत देशाच्या माणसाच्या जिवास जग अधिक मोल देते. ही संरक्षणाची रीत त्या अन्यायावरच उभी आहे, हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. ज्यांस गावाच्या वेशीवर आपल्या जिवाचे मोल कमी लेखलेले पाहावे लागले आहे, त्या आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. परंतु जगाने दिलेले हे अधिक मोल त्या बाईने स्वतःसाठी राखिले नाही. तिने ते दुसरीसाठी खर्च केले.

हे संरक्षण खात्रीचेही नाही. १९८७ च्या एप्रिलमध्ये निकाराग्वातील एका खेड्यासाठी पाण्यावर चालणारी लहान वीजयोजना उभारीत असता बेंजामिन लिंडर नावाचा अमेरिकन इंजिनियर काँट्रांच्या हल्ल्यात मारला गेला. त्याचे नाव सर्व जगाच्या वर्तमानपत्रांत छापले गेले. त्याच्याबरोबर त्याच ठिकाणी दोन निकाराग्वावासी पडले, सर्जियो एर्नांदेस व पाब्लो रोसालेस. त्यांची नावे कितीकांनी वाचली? साक्षीदार तीनही नावे लिहितो. तो एकच लिहील, तर त्याची साक्ष अपुरी होईल.

५. खऱ्या साक्षीची कसोटी

‘विटनेस फॉर पीस’वर टीकाही झाली. तुम्ही काँट्रांचे अत्याचार लिहिता, परंतु सरकारी पक्षाच्या चुकांकडे पाहत नाही, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. ज्याचा पैसा आमचा, त्याच्या कृत्यांचा जाब आम्ही प्रथम देऊ, असे ह्यावर म्हणता येते. तरीही आक्षेपातील बोध घेण्यासारखा आहे. एका बाजूचेच पाहणाऱ्याचे खरे बोलणेही लोक खोटे ठरवितात, आणि मग त्याच्या भरवशावर बसलेला गरीब उघडा पडतो.

म्हणून आमच्या मते चार गोष्टी पाळाव्या. पाहिलेले व ऐकलेले वेगवेगळे लिहावे. एका तोंडाच्या बातमीवर थांबू नये, दुसऱ्या व तिसऱ्यासही विचारावे. मृतांचा आकडा पाच असेल तर सहा लिहू नये, मग मन कितीही जळो. आणि ज्याचे नाव छापावयाचे, त्याची परवानगी घ्यावी. कारण साक्षीदार विमानात बसून घरी जातो, आणि नाव छापलेला मनुष्य त्याच गावात राहतो. फुगविलेल्या एका ओळीचा दंड तो भरतो.

जेरुसलेम येथील मंडळ्यांच्या विनंतीवरून जागतिक मंडळ्यांच्या परिषदेने २००२ साली पॅलेस्टाइन व इस्राएल येथे असेच सोबतीचे काम सुरू केले. त्यातील स्वयंसेवक सुमारे तीन महिने राहतात, मुलांस शाळेपर्यंत पोहोचवितात, तपासनाक्यांवर उभे राहून टिपणे करितात. घरी परतल्यावर आपल्या मंडळीस सांगणे हा त्यांच्या कामाचाच भाग समजला जातो. जाणे हे अर्धे काम होय. नीट सांगणे हे उरलेले अर्धे.

आपल्यापैकी फारच थोड्यांस परदेशी जाण्याचा प्रसंग येईल. परंतु ठाण्याच्या बाकावर शेजाऱ्याबरोबर बसण्याचा प्रसंग प्रत्येकास येतो. त्या दिवशी आपण घरी राहू नये, आणि परत आल्यावर जे पाहिले त्याहून अधिकही सांगू नये व उणेही सांगू नये.

वर्गासाठी प्रश्न

१. सरहद्दीवरील गावात गोळीबार का थांबला होता? ते उत्तर ऐकून परत जाणाऱ्यांवर कोणती जबाबदारी आली?
२. पाहुण्याने तेथील लोकांचे काम आपल्या हाती का घेऊ नये?
३. कॅनडाची बाई दारातून परत फिरली नसती, तर तिची साक्ष खोटी ठरली असती काय?
४. आपल्या गावात गेल्या वर्षात असा कोणता तंटा झाला, की ज्यात एखादा निःपक्षपाती साक्षीदार उभा राहिला असता तर दुबळ्याचे नुकसान टळले असते? नावे न घेता सांगा.