घशातल्या गाठी

आमच्या वर्गाला एक बाई येत. त्यांचा मुलगा पाच वर्षांचा. रात्री तो मोठ्याने घोरे. दिवसा तोंड उघडे ठेवून बसे. हाक मारली तरी ओ देत नसे. "मेलं ऐकतच नाही!" म्हणून बाई त्याला धपाटा घालीत. आम्हांलाही तो हट्टीच वाटे. पण तो हट्टी नव्हता. त्याला ऐकू कमी येत होते.

असे का झाले, ते पाहू.

आरशापुढे तोंड उघडा. पडजिभेच्या दोन्ही बाजूंस दोन गाठी असतात. त्या टॉन्सिल. नाकाच्या मागे, टाळूच्या वर, आणखी एक गाठ असते. ती ॲडिनॉईड. ती आरशात दिसत नाही. या गाठी म्हणजे दारावरचे राखणदार. नाकातोंडावाटे येणाऱ्या रोगजंतूंशी त्या झुंजतात. म्हणून गाठी असणे हा रोग नव्हे. ७-८ वर्षांनंतर मागची गाठ हळूहळू लहान होत जाते.

पण कधी ती फार वाढते. मग नाकाची वाट बुजते. मूल तोंडाने श्वास घेते. झोपेत श्वास अडतो, मूल दचकते. नाकाच्या मागून कानाकडे एक बारीक नळी जाते. तिचे तोंड बंद झाले की कानात पाणी साठते आणि ऐकू कमी येते.

घसा सुजून ताप आला, तर बोटाने पडजीभ उचलू नये. गाठ दाबू नये. डॉक्टरांना दाखवावे. काही जंतूंमुळे पुढे सांधे सुजतात, हृदयाच्या झडपाही बिघडतात. म्हणून ताप उतरला तरी दिलेले औषध पुरे करावे.

ऑपरेशन सगळ्यांनाच लागत नाही. वर्षात ७ वेळा घसा सुजला, किंवा झोपेत श्वास अडू लागला, तर डॉक्टर तसा विचार करतात. ऑपरेशननंतर घशात पांढरा थर दिसतो. त्याला भिऊ नये. मऊ जेवण आणि भरपूर पाणी द्यावे. पण पुढच्या दोन आठवड्यांत केव्हाही तोंडातून रक्त आले, तर लगेच दवाखाना गाठावा.

त्या बाईंच्या मुलाची मागची गाठ डॉक्टरांनी काढली. कानातले पाणीही काढले. आता तो एका हाकेला ओ देतो. "उगाच मारलं हो लेकराला," बाई म्हणाल्या. आम्हीही मान खाली घातली.

प्रश्न
१. मुलगा हाकेला ओ का देत नसे?
२. ताप उतरला तरी औषध पुरे का करावे?
३. तुमच्या घरी कोणते मूल तोंड उघडे ठेवून झोपते? आज रात्री पाहा.