पाणी तापतं तिथं क्षार बसतो

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की लागणारं आमचं नेकनूर बालाघाटच्या काळ्या खडकावर वसलंय. विहिरीला, बोरला लागणारं पाणी या खडकाच्या भेगांतून, चुनखडीतून झिरपत आलेलं. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, अंगाच्या साबणाला फेस येत नाही, तोटीच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. याची कुणी तक्रार करत नाही. तक्रार सुरू होते ती घरात गिझर आल्यावर.

आमच्या गिझरचं एलिमेंट वॉरंटीतच जळालं. दुकानदाराने कार्डावरची बारीक ओळ दाखवली: क्षारामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मग गावातल्याच मिस्त्रीला बोलावलं. त्याने खालचा फ्लँज सोडला, तशी टाकीतून पापुद्रेच्या पापुद्रे घमेल्यात पडले. एलिमेंटवर बोटभर जाडीचा थर, मध्येच तडकलेला. “मशीनचं काही नाही बघा काका, पाण्याचं हाय,” म्हणाला.

पण माझ्या छातीत धस्स झालं ते वेगळ्याच गोष्टीने. गिझरच्या थंड पाण्याच्या नळीवर एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं, आणि तो वाढीव दाब या व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडतो. आमचा व्हॉल्व्ह क्षाराने इतका धरला होता की त्याची दांडी उचलेना. वर आधीच्या कारागिराने ‘ठिबकतोय’ म्हणून त्याच्या तोंडाला टेप गुंडाळून ठेवली होती! अशात थर्मोस्टॅट चिकटला तर टाकी फुटते. गिझर चालू असताना व्हॉल्व्ह थोडा ठिबकणं हे चांगलं लक्षण आहे. तो कधीच बंद करू देऊ नका. महिन्यातून एकदा, पाणी थंड असताना, दांडी उचलून पाहा. पाणी आलं नाही तर व्हॉल्व्ह बदला, गिझरच्या मानाने तो स्वस्त असतो.

हे होतं कसं ते कळलं की पुढची निम्मी काळजी आपोआप घेतली जाते. जमिनीत मुरताना पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याच्या जोरावर चुना विरघळवतं. तेच पाणी तापवलं की वायू उडून जातो आणि चुना परत दगड होऊन बसतो, तोही सगळ्यात गरम जागी, म्हणजे एलिमेंटवर. थरातून उष्णता बाहेर पडत नाही, आत एलिमेंट तापत राहतं आणि जळतं. पाण्याचा कठीणपणा लिटरला 400 मिलिग्रॅम असेल, तर शंभर लिटर पाण्यात 40 ग्रॅम चुन्याइतके क्षार असतात. सगळे बसत नाहीत, पण जे बसतात ते रोज बसतात.

म्हणून थर्मोस्टॅट 50 ते 55 अंशांवर ठेवा. साठच्या पुढे थर फार झपाट्याने धरतो. उकळतं पाणी काढून त्यात दोन बादल्या थंड मिसळायची आपली सवय गिझरला महागात पडते. हिवाळ्याआधी गिझर उघडून साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही बदला. तो स्वतः झिजून टाकी गंजण्यापासून वाचवतो. बादलीत सोडायचा हीटर असेल तर आधी त्याचा प्लग काढा, गरम पाण्यात चार चमचे लिंबूसत्व टाका आणि रॉड तासभर त्यात ठेवा. बुडबुडे येऊन थर सुटतो. संडास धुण्याचं ॲसिड मात्र वापरू नका. ते थराबरोबर धातूही खातं, आणि ब्लीचिंगशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो.

तापण्यासारखंच पाणी उडून जाण्याचंही. कूलरमध्ये पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वर आपण नवं पाणी ओततो. गवताचे पॅड पापडासारखे कडक होतात ते यामुळे. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा. आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला घालू नका, त्यात क्षार जास्तच असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत तर डिस्टिल्ड वॉटरशिवाय काहीच नको, आरओचंही नाही. वीज गेल्यावर घाईत तांब्याभर नळाचं पाणी ओतलेल्या बॅटऱ्या गावात थोड्या नाहीत. वॉशिंग मशीनला एवढंच की, पाणी आत येतं तिथली जाळी काढून धुवा आणि गरम पाण्याचं बटण गरजेपुरतंच दाबा.

दारावर येणाऱ्या विक्रेत्यांचं सांगायलाच हवं. ग्लासात दोन सळ्या बुडवून, करंट देऊन पाणी तपकिरी करून दाखवतात. तो रंग बहुतांशी सळीच्या लोखंडाचा असतो. टीडीएस मीटर विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा मिळून अंदाज देतं, त्यातला चुना किती ते सांगत नाही. तुरटीने गाळ बसतो, कठीणपणा जात नाही. नळीला बांधायच्या चुंबकावर मी तरी पैसे घालणार नाही.

घरी अंदाज घ्यायचा तर एका बाटलीत बोरचं, दुसरीत पावसाचं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा सारखाच तुकडा टाकून हलवा. कपड्याची पावडर नको, ती कठीण पाण्यातही फेसाळते. नेमका आकडा हवा असेल तर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे एकूण कठीणपणा 200 पर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. उन्हाळ्यात बोर खोल गेल्यावर पुन्हा तपासा, तेव्हा आकडा बऱ्याचदा चढतो.

सॉफ्टनर घ्यायचा तो हा आकडा हातात आल्यावरच. त्यातली रेझिन अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावी लागते, म्हणजे मिठाचा खर्च कायमचा. आणि ते धुतलेलं खारं पाणी झाडांना किंवा शोषखड्ड्यात सोडू नका, आपल्याकडे बोर खड्ड्यापासून दहा पावलांवरच असते.