बिल अडकले की झोप उडते

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आपल्यातील काहीजण आता छोटे मालक आहेत. दोन लेथ, चार कामगार, जॉबवर्क. पगाराची तारीख येते, पण कंपनीचे बिल तीन महिने निघालेले नसते. घरी सांगायचे नाही, कामगारांना कळू द्यायचे नाही. मग रात्रभर जाग, तंबाखू वाढते, राग मुलांवर निघतो.

अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून काय उपयोग? मूळ उधारीत आहे. उद्यम नोंदणी मोफत होते, ती आधी करा. २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज. तक्रार केली तर काम तुटेल ही भीती खोटी नाही. निदान बिलावर ही मुदत छापा.

घरात एकाला तरी उधारीचा खरा आकडा सांगा. रक्तदाब मोजा, पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा जास्त आला तर डॉक्टरांकडे जा. छातीत दुखून घाम सुटला तर ताण समजून बसू नका, १०८ ला फोन करा. जगणे नकोसे वाटू लागले तर टेली-मानस, १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीतही.