लाल पेनाने खोडलेले डीओआय

प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात, संदर्भसूचीत, मी प्रत्येक लेखापुढे त्याचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, दिला होता. गाईड सरांनी ते सगळे लाल पेनाने खोडले. "हे आकडे कोणाला कळतात? डेटाबेसचं नाव टाक, वजन पडतं. आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो तो जसाच्या तसा चिकटव." मी एपीए संदर्भपद्धतीच्या पुस्तिकेची २०१९ ची सातवी आवृत्ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

व्हायवात एक्स्टर्नल म्हणाले, "तुमचे दुवे उघडत नाहीत. दरवेळी तुमच्या विद्यापीठाचं लॉगिन मागतात. हे लेख वाचलेत, की नुसती नावं उचललीत?" मी गाईड सरांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "मी तिला डीओआय द्यायलाच सांगितलं होतं."

लाल रेघांचा तो मसुदा माझ्या पिशवीत होता. बाहेर काढला नाही. पदवी त्यांच्या सहीवर अडली होती, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ज्यांना सर सर म्हटलं, ते एका वाक्यात मला चोर ठरू देत होते.

माझे दुवे का उघडले नाहीत ते सांगते. विद्यापीठाच्या रिमोट लॉगिनमधून डेटाबेस उघडला की पत्त्यात प्रॉक्सीचं नाव मिसळू शकतं. तसा दुवा बाहेरच्यांना उघडत नाही. डीओआय असेल तर तोच द्या. नसेल आणि दुवा द्यायचाच असेल तर लेखाच्या पानावरचा कायमचा दुवा घ्या, जेस्टॉर या डेटाबेसवर तो 'स्टेबल यूआरएल' म्हणून मिळतो. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा जुना लेख जेस्टॉरवरून उतरवला तरी संदर्भ वीकलीचाच: वर्ष, खंड, अंक, पानं. जेस्टॉर त्याचा प्रकाशक नव्हे. प्रबंधाचं वेगळं आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या प्रबंधाला एपीएत विद्यापीठाचं नाव, शोधगंगेचं नाव आणि दुवा, तिन्ही लागतात. तिथे प्रकरणांच्या पीडीएफ सुट्या असतात. दुवा त्यांचा नको, प्रबंधाच्या मुख्य पानाचा, हँडलचा द्या.

एमएलए या दुसऱ्या संदर्भपद्धतीत मात्र लेखालाही डेटाबेसचं नाव द्यायचं असतं, म्हणून विभागाला कुठली पद्धत चालते ते आधी लेखी विचारा. डेटाबेसने आयता करून दिलेला संदर्भ तपासून घ्या. आपल्याकडच्या नावांत वडिलांचं नाव आणि आडनाव यांची सर्रास अदलाबदल होते. संदर्भांच्या नोंदी रोजच्या रोज करा.

आणि गाईडनी तोंडी सांगितलेला प्रत्येक बदल त्याच संध्याकाळी त्यांना ईमेलने कळवा: "सर, आपण सांगितल्याप्रमाणे डीओआय काढत आहे." उत्तर नाही आलं तरी चालेल. तारीख राहते.