अंथरुणावर पडल्यावर झोप का येत नाही?

29 सप्टेंबर 1993 रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन आटोपून लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासची गावे झोपी गेली. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचा भार पेलणारी माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी पुष्कळजण पुढे कितीतरी दिवस छपराखाली निजायला धजत नव्हते. लहानमोठे धक्के चालूच होते, तेव्हा ही भीती काही खोटी नव्हे.

पण तुम्ही विचाराल, धक्के थांबल्यावरही झोप का परतत नाही? पाव्हलॉव्हचा कुत्रा तुम्हांला ठाऊक असेल. अन्नाबरोबर ठरावीक आवाज ऐकवत गेले, की पुढे नुसत्या आवाजानेच त्याला लाळ सुटते. आपला मेंदूही अशीच सांगड घालतो. अंथरूण आणि संकट यांची सांगड बसली, की पाठ टेकताच रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन उतरते, छाती धडधडते, कान टवकारतात. राखणीला बसलेला मेंदू झोपणार कसा?

परीक्षेच्या दिवसांत तुमचे होते ते याच जातीचे, फक्त पुष्कळ सौम्य. काही रात्री तळमळत काढल्या, की अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा, असे मेंदू शिकतो.

शिकलेले बदलता येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये यावर एक साधी रीत सुचवली. पेंग आल्यावरच अंथरुणावर जा. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठा (घड्याळ मात्र पाहू नका). एकाच खोलीचे घर असेल तर ओसरीवर बसा. पेंग आली की परत या. अंथरुणात अभ्यास नको, मोबाइलही नको. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठा. हे सर्वांत जड जाते, पण सारी मदार त्यावरच आहे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्याने पेंग येते. उशिरापर्यंत लोळलात, तर ते रात्रीपुरते साचतच नाही. संध्याकाळचा चहा आणखी वाईट. त्यातले कॅफिन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवून बसते, आणि पाचसहा तासांनीही त्यातले जवळजवळ निम्मे शरीरात उरते.

सुरुवातीच्या काही रात्री झोप उलट कमीच होईल. घाबरू नका, रीत सोडू नका. भयानक स्वप्नांनी वारंवार जाग येत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि गुरुजी, पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला उभे करण्याआधी तो रात्री कधी झोपला, हे एकदा विचारून पाहा.