बांगड्या सैल झाल्या तेव्हा

घरात कुणाला किडनीचा आजार निघाला की सगळ्यात आधी त्या माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं जातं. आमच्याकडेही तेच झालं, आणि ते निव्वळ मायेपोटी झालं. पंधरा-सोळा वर्षांची शुगर, त्यातून किडनी चौथ्या टप्प्यावर गेलेली. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही करतो." आधी कणीक मळणं गेलं, मग पाणी भरणं. जिना चढायला नको म्हणून मुलानं माझा पलंग खालच्या खोलीत आणला. संध्याकाळी पिशवी घेऊन औरंगपुऱ्यात भाजीला जायचं, येताना गुलमंडीवर एखादं काम उरकायचं, हा माझा लग्नापासूनचा नेम. तोही बंद झाला. "तुला आता आराम हवा," असं प्रत्येक जण म्हणायचा, आणि ऐकायला ते बरंही वाटायचं.

काही महिन्यांनी हातातल्या बांगड्या सैल झाल्या. पूर्वी साबण लावल्याशिवाय न निघणारी पाटली हात खाली सोडला की मनगटावरून घसरून बोटांपर्यंत यायची. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला उंचवटा बसला होता, तिथे खळगा पडला होता. पायात मात्र चपलेचा पट्टा रुतायचा, कारण घोट्यांवर सूज होती. वजनाच्या काट्यावर आकडा जवळपास तोच. अंगातलं मांस कमी होत होतं, त्याची जागा पाणी घेत होतं, आणि काट्याला त्यातला फरक कळत नाही.

रिपोर्टनं तर आम्हाला पुरतं फसवलं. क्रिएटिनिन ३.४ वरून २.९ वर आलं. मुलानं पेढे आणले, शेजारीपाजारी वाटले. त्यानंतर चतुर्थीला देवघरापुढे पाटावर बसले आणि आरती झाल्यावर उठताच येईना. एक हात भिंतीला, दुसरा जमिनीला, गुडघे दुमडलेले, मांड्यांत जोरच नाही. सुनेनं काखेत हात घालून उभं केलं. आकडा सुधारलाय तर पाय का गेले, याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं.

उत्तर मिळालं ते दुसऱ्या एका डॉक्टरांकडे. त्यांनी फाइल उघडण्याआधी मला हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायला सांगितलं. जमलं नाही. मग त्यांनी शांतपणे समजावलं. क्रिएटिनिन तयार होतं ते स्नायूंमध्ये. किडनी ते बाहेर टाकते, म्हणून रक्तातलं प्रमाण वाढलं की किडनी मंदावली असं आपण धरतो. पण स्नायूच झिजले तर ते तयारच कमी होतं, आणि किडनी होती तिथेच असताना, कधी आणखी बिघडलेली असतानाही, कागदावरचा आकडा खाली येतो. त्यांनी सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी करायला लावली. तिचा आकडा स्नायूंवर फारसा अवलंबून नसतो. माझी किडनी सुधारलेली नव्हती.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. क्रिएटिनिन उतरलं आणि त्याच काळात चालणं मंदावलं असेल, कपडे सैल झाले असतील, बाटलीचं झाकण उघडेनासं झालं असेल, तर पेढे आणण्याआधी डॉक्टरांना विचारा की हे स्नायू झिजल्यामुळे तर नाही ना.

या आजारात स्नायू झिजायला कारणं बरीच आहेत. किडनी थकली की रक्तात आम्ल साठतं आणि ते स्नायूंची मोडतोड वाढवतं. म्हणून काही पेशंटना सोड्याच्या गोळ्या देतात. मलाही दिल्या. त्या स्वतःच्या मनानं सुरू करायच्या नाहीत आणि मनानं बंदही करायच्या नाहीत. भूक मरते, तोंडाला चव नसते. त्यात भीतीनं माणसं डाळ, दूध, अंडं, सगळंच सोडून देतात. डायलिसिस नसलेल्या पेशंटला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४४ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की उलट जास्त लागतात, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, कारण प्रत्येक वेळी थोडी डायलिसिसच्या द्रावणाबरोबर निघून जातात. पथ्याचा जुना कागद डायलिसिसनंतरही तसाच चालवणारी घरं मी पाहिली आहेत. तो कागद आहारतज्ज्ञांकडून नव्यानं लिहून घ्यावा.

आणि या सगळ्यावर आराम. कामच नसेल तर शरीर स्नायू सांभाळत नाही.

माझा व्यायाम खुर्चीपासून सुरू झाला. पाठ भिंतीला लावलेली, हात नसलेली, न सरकणारी खुर्ची. सुरुवातीला बसायच्या जागी दोन उशा, म्हणजे उठायचं अंतर कमी. पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, पुढे झुकायचं, श्वास सोडत उठायचं आणि बसताना धपकन न बसता हळूहळू टेकायचं. डॉक्टरांच्या मते त्या हळू टेकण्यातच मांडीला खरं काम मिळतं. जमू लागलं तशी एक उशी काढली, मग दुसरी. ओट्याला धरून टाचा उचलणं, पाण्याची भरलेली लिटरची बाटली खांद्यापर्यंत नेणं, एवढंच पुढे वाढत गेलं. श्वास कोंडून जोर लावायचा नाही, बीपी चढतं. चालणं सकाळी, ऊन चढायच्या आत, सरस्वती भुवनच्या बाजूनं फुले दाम्पत्याच्या पुतळ्यापर्यंत आणि परत. तज्ज्ञ आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात, पण तिथपर्यंत पोचायची घाई नको. पाच मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालते. नुसतं चालून मात्र भागत नाही, ताकदीचा व्यायाम हवाच. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली छापलेल्या अभ्यासात कमी प्रथिनांच्या पथ्यावरच्या किडनी पेशंटनीही बारा आठवडे ताकदीचा व्यायाम करून स्नायू वाढवले होते. नातू मला कॅमेरून ग्रीनचं उदाहरण देतो. २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सकडून वानखेडेवर शतक ठोकणाऱ्या या खेळाडूनं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगितलं की त्याला जन्मापासून किडनीचा आजार आहे. मीठ आणि प्रथिनं जपून खात तो खेळतो.

व्यायामानं माझं डायलिसिस टळलं नाही, ते पुढे लागलंच. पण डायलिसिसच्या खुर्चीवर मी स्वतः चढते आणि स्वतः उतरते. जर्मनीत २१ डायलिसिस केंद्रांवर पेशंटकडून उपचार चालू असतानाच व्यायाम करून घेतला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. वर्षभरात त्यांची खुर्चीवरून उठण्याबसण्याची क्षमता वाढली, आणि व्यायाम न करणाऱ्यांची घटली. आपल्याकडे अशी सोय क्वचित असते, पण झोपल्या झोपल्या पावलं वरखाली करणं, गुडघा सरळ करणं, एवढं नर्सला विचारून करता येतं. ते पहिल्या दोन तासांत करावं, शेवटी बीपी पडायची भीती असते. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात वेगळा जपायचा. चेंडू दाबायचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हा करायचा, पण त्या हातावर भाजीची पिशवी लटकवायची नाही, बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही.

आता ज्यात हमखास गफलत होते त्या गोष्टी. व्यायाम सुरू केला की अंग दुखतं, आणि समोरच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली जाते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या उरलीसुरली किडनीही घालवू शकतात. शेकावं, एक दिवस थांबावं, डॉक्टरांना फोन करावा. जिममधल्या पोरांचे प्रथिनांचे आणि क्रिएटिनचे डबे आपल्यासाठी नाहीत. एकदम जोरात व्यायाम केला, त्यातही आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, तर स्नायू फुटून लघवी कोलासारखी काळपट होते. तसं दिसलं तर थेट दवाखाना. डायलिसिस चुकलं असेल, ताप असेल, छातीत दुखत असेल, बसल्या बसल्या धाप लागत असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही. शुगरची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी चालायला जायचं नाही. हृदयाची तपासणी करून मगच सुरुवात करायची, कारण किडनीच्या पेशंटचं हृदय पुष्कळदा आधीच दमलेलं असतं.

घरच्यांना एवढंच सांगेन, पेशंटचं सगळं काम काढून घेऊ नका. आमच्याकडे आता कणीक मी मळते, तीही फिस्टुला नसलेल्या हातानं. डायलिसिसच्या दिवशी सूनबाई मळते. पलंग पुन्हा वरच्या खोलीत गेला आहे. जिना उतरताना मुलगा एक पायरी पुढे असतो, हात पुढे करत नाही, मी मागितला तरच देतो.